एकवीस हजारांच्या आतले म्हातारपण

महाराष्ट्रात पासष्टी ओलांडलेल्या गरीब माणसाला सरकारकडून दरमहा अर्थसाहाय्य हवे असेल, तर त्याच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते. म्हणजे महिन्याला १,७५० रुपये, दिवसाला सत्तावन्न-अठ्ठावन्न. तेही एकट्या माणसाचे नव्हे, अख्ख्या घराचे. २०२५-२६ मध्ये रोजगार हमीच्या कामावर राज्यातला मजुरीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. घरातल्या सुनेने वर्षभरात फक्त ६८ दिवस खड्डे खणले, तरी सासूचे निवृत्तीवेतन नियमाने अडते. तेव्हाच्या कायद्याने हमी दिलेले शंभर दिवस काम खरोखरच मिळाले, तर त्या घराची कमाई ३१,२०० रुपये होते आणि सरकारच्या हिशेबी ते घर निराधार राहत नाही.

२१,००० चा हा आकडा दशकाहून अधिक काळ तिथेच आहे. दरम्यान त्याच सरकारने इतर कामांसाठी गरिबीच्या वेगळ्या रेषा आखल्या. स्वस्त धान्याच्या प्राधान्य कुटुंबासाठी उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरात ५९,००० रुपये ठरली. ज्येष्ठांना चष्मा, काठी, श्रवणयंत्र घेता यावे म्हणून २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून एकदाच ३,००० रुपये द्यायचे ठरले, तेव्हा मर्यादा दोन लाखांची होती. लाडकी बहीण योजनेची मर्यादा अडीच लाखांची. रेशनच्या दुकानात गरीब ठरलेली म्हातारी तहसील कार्यालयाच्या पायरीवर गरीब राहत नाही. वृद्ध आणि दिव्यांग घरांच्या सरकारी मदतीचा आढावा घ्यायचा, तर सुरुवात या आकड्यापासूनच करावी लागते, कारण बाकीच्या बहुतेक अडचणी त्याच्याच पोटी जन्मल्या आहेत.

राज्यघटनेच्या ४१ व्या कलमात म्हातारपण, आजारपण आणि अपंगत्व यांत नागरिकाला सार्वजनिक साहाय्य देण्याची जबाबदारी राज्यसंस्थेवर टाकलेली आहे. मात्र आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत, अशी पुस्ती त्याला जोडली आहे. मार्गदर्शक तत्त्व असल्यामुळे त्यावरून थेट न्यायालयात दाद मागता येत नाही. उत्तर प्रदेशाने १९५७ मध्येच वृद्धांसाठी निवृत्तीवेतन सुरू केले, मग एकेक करून इतर राज्येही आली. महाराष्ट्रात १९८० मध्ये, बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना, संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली. आजही गावोगाव लोक तिला नुसते ‘निराधार’ म्हणतात आणि पैसे खात्यावर पडले की ‘निराधारचा पगार आला’ असे सांगतात. पासष्टीच्या आतले निराधार, दिव्यांग, विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित, अनाथ मुले, क्षयरोग, कर्करोग, कुष्ठरोग, एड्स यांसारख्या आजारांनी ग्रासलेले, आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या पत्नी, तृतीयपंथी असे अनेक घटक या योजनेत आहेत. पासष्टीनंतरच्या वृद्धांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना आहे. ज्यांचे नाव दारिद्र्यरेषेखालील यादीत आहे त्यांच्या रकमेत केंद्राचा वाटा मिसळतो, ज्यांचे नाही त्यांची पूर्ण रक्कम राज्य देते.

केंद्राचा वाटा किती, हे मुळातून पाहण्यासारखे आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा ६५ वर्षांवरील निराधार वृद्धाला महिन्याला ७५ रुपये मिळत. २००६ मध्ये ते २०० झाले. २००७ मध्ये योजनेला इंदिरा गांधींचे नाव मिळाले आणि दारिद्र्यरेषेखालील सगळ्या वृद्धांना ती लागू झाली. २००९ मध्ये विधवा आणि दिव्यांगांसाठी वेगळ्या योजना आल्या. २०११ मध्ये वयाची अट ६० वर आली आणि ऐंशीच्या पुढच्यांना ५०० रुपये देण्याचे ठरले. २०१२ मध्ये विधवा आणि दिव्यांगांची रक्कम ३०० रुपये झाली. तिथे हा इतिहास थांबतो. साठ ते एकोणऐंशी वयाच्या वृद्धाला केंद्र सरकार आजही महिन्याला २०० रुपयेच देते.

१९९५ चे ७५ रुपये आजच्या भावात मोजले, तर ढोबळ हिशेबाने चारशेच्या वर जातात. म्हणजे तीस वर्षांत देश कितीतरी पटींनी श्रीमंत झाला आणि त्याच देशाने आपल्या सर्वांत गरीब म्हाताऱ्यांना द्यायच्या रकमेची किंमत निम्म्याहून खाली येऊ दिली. कुणी ठराव करून ती कमी केली नाही. फक्त भाव वाढत राहिले आणि रकमेला कुणी हात लावला नाही. सरकारी नोकरांचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा वाढतो, निर्देशांकाशी तो बांधलेला आहे आणि ते योग्यच आहे. पण ज्यांच्याकडे भत्ता, बचत, संघटना यांतले काहीच नाही, त्यांची रक्कम कशाशीच बांधलेली नाही.

केंद्राच्या या सगळ्या कार्यक्रमावर गेली काही वर्षे दरसाल सुमारे ९,६५२ कोटी रुपयांची तरतूद होते. आकडा मोठा वाटतो. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाशी तो ताडून पाहिला, तर शंभर रुपयांत १९ पैसे भरतात. लाभार्थ्यांची संख्याही सुमारे तीन कोटींवर गोठवलेली आहे आणि राज्यांचे कोटे जुन्या जनगणनेवर व जुन्या दारिद्र्य-अंदाजांवर बेतलेले आहेत. त्यानंतर म्हातारे झालेल्यांना जागा हवी, तर यादीतला कुणीतरी जावा लागतो. दिव्यांगांसाठीची केंद्राची अट तर आणखी अरुंद आहे. ८० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व आणि वर दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव. २०११ च्या जनगणनेने देशात २.६८ कोटी दिव्यांग मोजले होते, आणि या योजनेचे लाभार्थी जेमतेम दहा लाखांच्या घरात आहेत.

हे कुणाच्या लक्षात आले नाही असे नाही. २०१७ च्या डिसेंबरमध्ये साठ अर्थतज्ज्ञांनी तत्कालीन अर्थमंत्री अरुण जेटलींना पत्र लिहून २०० रुपयांचे किमान ५०० करा, अशी विनंती केली. पुढच्या वर्षी पुन्हा लिहिले. अरुणा रॉय आणि हमाल पंचायतीचे बाबा आढाव यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या पेन्शन परिषदेने दिल्लीत जंतरमंतरवर वृद्धांना बसवले. कष्टकऱ्याला म्हातारपणी किमान वेतनाच्या निम्मे तरी निवृत्तीवेतन मिळाले पाहिजे, ही त्यांची मागणी. आयुष्यभर पाठीवर पोती वाहिलेल्या माणसाला साठीनंतर कुणी निवृत्त करत नाही, त्याची पाठच त्याला निवृत्त करते. बाबांनी पुण्याच्या बाजारात हे जवळून पाहिले होते. संसदेच्या ग्रामीण विकास स्थायी समितीनेही वेळोवेळी रक्कम वाढवण्याची शिफारस केली. २०२३ मध्ये भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालातून तर असेही पुढे आले, की याच कार्यक्रमाचे २.८३ कोटी रुपये ग्रामविकास मंत्रालयाने दुसऱ्या योजनांच्या जाहिरातींवर वळवले होते. रक्कम फार मोठी नसेल. पण २०० रुपयांच्या हिशेबाने ते एक लाख चाळीस हजारांहून अधिक वृद्धांचे एका महिन्याचे पैसे होतात.

केंद्र थांबले तिथून राज्यांनी पुढे रेटले. महाराष्ट्रात ही रक्कम बराच काळ ६०० रुपये होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, ती १,००० झाली. २०२३ मध्ये १,५०० झाली. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मंत्रिमंडळाने दिव्यांगांसाठी ती २,५०० वर नेली. प्रत्येक वाढ स्वागतार्ह आहे. पण या तारखा निवडणुकांच्या आणि आंदोलनांच्या पंचांगाशी जुळतात, महागाईच्या नाही. दोन वाढींमधल्या वर्षांत किराणा, गोळ्या, एसटीचे भाडे सारे काही वाढत असते आणि रक्कम मात्र पुढच्या घोषणेची वाट पाहत असते.

दिव्यांगांच्या बाबतीत तर राज्याने कायद्याकडेच पाठ फिरवली होती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे २४ वे कलम सांगते, की अशा योजनांत दिव्यांगांना द्यायची मदत इतरांना मिळणाऱ्या मदतीपेक्षा किमान २५ टक्क्यांनी जास्त असली पाहिजे. कारण उघड आहे. दिव्यांग माणसाच्या घरचा खर्चच जास्त असतो. रिक्षाशिवाय हलता येत नाही, सोबतीला कुणीतरी लागते, आणि त्या सोबत्याची मजुरी बुडते. असे असूनही कायदा आल्यावर कितीतरी वर्षे महाराष्ट्रात सर्वांना एकच रक्कम मिळत राहिली. ३ डिसेंबर २०२२ रोजी राज्याने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला, तेव्हा त्याचा मोठा गाजावाजा झाला. पण त्यानंतर २०२३ मध्ये जी वाढ झाली, तीही सरसकट होती. २०२५ च्या जूनमध्ये माजी आमदार बच्चू कडू अमरावती जिल्ह्यातल्या गुरुकुंज मोझरीला उपोषणाला बसले. दिव्यांगांना ६,००० रुपये द्या, ही त्यांच्या मागण्यांतली एक. त्यानंतर काही महिन्यांनी २,५०० चा निर्णय झाला. कायद्यात लिहिलेली गोष्ट पदरात पडायला नऊ वर्षे आणि एक उपोषण लागले.

त्या निर्णयाबरोबर पुढे आलेला आकडाही बोलका आहे. वाढीचा लाभ सुमारे पावणेपाच लाख दिव्यांगांना मिळणार होता आणि त्यासाठी वर्षाला ५७० कोटींच्या आसपास खर्च येणार होता. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या दिव्यांगांची संख्या साडेएकोणतीस लाखांच्या वर होती. त्यातले सगळे गरीब नाहीत, सगळ्यांचे अपंगत्व ४० टक्क्यांच्या वर नाही, हे मान्य. तरीही सहापैकी एकालाच मदत मिळते आणि बाकीचे पाच जण सुखवस्तू आहेत, यावर विश्वास ठेवणे कठीण आहे. दिव्यांगांच्या घरासाठी उत्पन्नाची मर्यादा ५०,००० आहे, म्हणजे अख्ख्या घराला दिवसाला १३७ रुपये. बहुविकलांग मुलाची आई घराबाहेर पडू शकत नाही आणि बाप गवंड्याच्या हाताखाली जातो, अशा घराचे खरे उत्पन्न या मर्यादेच्या वरच निघते.

मग लाखो लोकांना हे पैसे मिळतात ते कसे? या प्रश्नाच्या उत्तरात या व्यवस्थेचे खरे दुखणे आहे.

२१,००० च्या आत खऱ्या अर्थाने फार थोडी घरे बसतात, म्हणून उरलेल्यांना बसवून घ्यावे लागते. तलाठ्याचा अहवाल, त्यावरून तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, आणि त्यात मर्यादेच्या किंचित आत येणारा आकडा. सगळ्यांना ठाऊक असते, की हा आकडा खरा नाही. देणाऱ्यालाही, घेणाऱ्यालाही. सहृदय तलाठी डोळे झाकून सही करतो, कारण समोरची बाई खरोखर गरजू आहे हे त्याला दिसत असते. पण ज्या क्षणी सहीसाठी डोळे झाकावे लागतात, त्या क्षणी हक्काची मेहरबानी होते. ज्याची ओळख आहे त्याचे काम होते. ज्याची नाही त्याचा दाखला खऱ्या उत्पन्नाचा निघतो आणि अर्ज बाद होतो. पुढे कधी तपासणीची मोहीम निघाली, की याच दाखल्यावर बोट ठेवून त्या बाईला अपात्र ठरवता येते. अशक्य अट घालून सरकारने गरिबाला खोटे बोलायला लावले आहे आणि त्या खोट्याची टांगती तलवार आयुष्यभर त्याच्याच डोक्यावर ठेवली आहे.

दाखल्यानंतर समिती येते. तालुक्याच्या संजय गांधी निराधार समितीचा अध्यक्ष अशासकीय असतो, त्याची नेमणूक पालकमंत्र्यांच्या मर्जीने होते आणि महसुलातला अधिकारी सचिव म्हणून काम पाहतो. सत्ताबदल झाला, की नवी समिती नेमली जाईपर्यंत बैठका लांबतात आणि मंजुऱ्याही. चांगले अध्यक्ष गावोगाव शिबिरे घेऊन अर्ज भरून घेतात, हेही खरे आहे. पण माणूस निराधार आहे की नाही, हे ठरवण्यात पक्षाच्या कार्यकर्त्याचा हात असावाच कशाला? सातबारा देताना समिती बसत नाही, जन्माचा दाखला देताना बसत नाही. निवृत्तीवेतनाची पात्रता कागदावर सिद्ध होते, तर ती कागदावरच तपासावी आणि ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्यावे. नाकारले तर कारण द्यावे.

कागदही थोडे नसतात. वयाचा पुरावा, पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला, रेशनकार्ड, आधार, बँकेचे पासबुक, विधवा असेल तर नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला. ऊसतोडीला दरवर्षी जिल्ह्याबाहेर जाणाऱ्या बीडच्या कुटुंबातला, किंवा शहरात झोपडपट्टी बदलत राहिलेला म्हातारा पंधरा वर्षांचा रहिवास कसा दाखवणार? परित्यक्तेचे दुःख आणखी निराळे. नवऱ्याने टाकले याचा कागद कुठल्याच कार्यालयात तयार होत नाही. विधवेचा मुलगा पंचवीस वर्षांचा झाला किंवा नोकरीला लागला, की तिची पात्रता नव्याने तपासली जाते, जणू मुलगा मोठा झाला म्हणजे तो कमावता झाला आणि कमावता झाला म्हणजे तो आईला देऊ लागला. दिव्यांगांना वेगळा हेलपाटा आहे तो सिव्हिल हॉस्पिटलचा. वैद्यकीय मंडळ ठरावीक वारी बसते. डोंगरातल्या पाड्यावरून चालू न शकणाऱ्या माणसाला तिथवर आणायचे म्हणजे जीप करावी लागते, आणि तिचे भाडे महिन्याच्या अनुदानाएवढे होऊ शकते. मानसिक आजार आणि बौद्धिक अक्षमता असलेल्यांची प्रमाणपत्रे पुष्कळदा ठरावीक मुदतीची असतात, म्हणून हा हेलपाटा त्यांच्या वाट्याला पुन्हा पुन्हा येतो.

मंजुरी मिळाली म्हणजे सुटले असेही नाही. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा. तो दिला नाही तर पैसे बंद. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या दारी कुणी येत नाही, त्यालाच दाखवायला न्यावे लागते. २०२४ च्या डिसेंबरपासून राज्याने ही रक्कम डीबीटी पोर्टलवरून थेट आधारशी जोडलेल्या खात्यात पाठवायला सुरुवात केली. त्यातून मधल्या पायऱ्या कमी झाल्या आणि पैसे कुठे अडले हे शोधणेही एरवीपेक्षा सोपे झाले. पण ज्यांचे आधार खात्याशी जोडलेले नव्हते त्यांचे पैसे थांबले. काहींचे आधार भलत्याच खात्याला जोडलेले निघाले, कधीतरी शिबिरात उघडलेल्या आणि विसरून गेलेल्या खात्याला. पैसे तिकडे जमा होत राहिले आणि म्हातारी जुन्या बँकेत पासबुक छापून आणून रिकाम्या रकान्याकडे बघत राहिली. आयुष्यभर शेतात आणि भांड्यांवर राबलेल्या बोटांच्या रेषा झिजतात, यंत्र अंगठा ओळखत नाही. ज्यांच्यासाठी योजना आहे नेमक्या त्यांच्याच देहाशी न जुळणारी तपासणी निवडणे, ही साधी तांत्रिक त्रुटी म्हणून सोडून देता येणार नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये अन्नाच्या हक्काच्या खटल्यात वृद्धापकाळ निवृत्तीवेतन महिन्याच्या सात तारखेपर्यंत द्यावे, असा आदेश दिला होता. त्याला दोन तपे उलटली. महाराष्ट्रात आजही दोन-दोन, तीन-तीन महिन्यांचे पैसे एकदम येतात. उधारीवर किराणा देणारा दुकानदार मात्र तीन महिने थांबत नाही.

या सगळ्याच्या शेजारी लाडकी बहीण योजना ठेवून पाहिली, की मनाला जास्त लागते. २०२४ च्या जुलैत ती सुरू झाली. २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या स्त्रीला महिन्याला १,५०० रुपये. काही महिन्यांत दोन कोटींहून अधिक स्त्रियांच्या खात्यांत पैसे पोचले, पहिल्या वर्षासाठी ४६,००० कोटींची तरतूद झाली. त्या पैशांनी कितीतरी घरांना आधार मिळाला, आणि या लेखाचा रोख त्या पैशांवर मुळीच नाही. मुद्दा असा, की सरकारने मनात आणले तर अर्ज सोपा होतो, मर्यादा वाढते, शिबिरे लागतात आणि पैसे वेळेवर येतात. हे सारे शक्य आहे, याचा पुरावा खुद्द सरकारनेच दिला आहे. आता वर्षाला साठ हजार रुपये उत्पन्न असलेल्या घरातली एक बाई डोळ्यांसमोर आणावी. पासष्टीपर्यंत तिला या योजनेतून १,५०० रुपये मिळतील. पासष्ट ओलांडताच ते बंद होतील. त्यानंतर श्रावणबाळ योजनेकडे जावे, तर तिच्या घराचे उत्पन्न २१,००० च्या वर आहे. हात-पाय चालत होते तोवर मदत, थकल्यावर काही नाही. कुठलाही विचारी माणूस अशी व्यवस्था जाणूनबुजून आखणार नाही, पण नियम जुळवून वाचले की ती अशीच उभी राहते.

शेजारी काय करतात तेही बघितले पाहिजे. आंध्र प्रदेशात २०२४ च्या जुलैपासून वृद्ध आणि विधवांना महिन्याला ४,००० रुपये मिळतात, दिव्यांगांना ६,०००, आणि पूर्णपणे परावलंबी असलेल्यांना १५,०००. पैसे एक तारखेला ग्राम आणि वॉर्ड सचिवालयांचे कर्मचारी घरी आणून देतात. तेलंगणात वृद्धांना २,०१६ आणि दिव्यांगांना ४,०१६ रुपये आहेत. केरळने २०२५ च्या नोव्हेंबरपासून १,६०० चे २,००० केले. गोव्यात दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेत ज्येष्ठांना २,००० रुपये मिळतात. दरडोई उत्पन्नात देशात वरच्या फळीत असलेला महाराष्ट्र या यादीत मागे आहे. ओडिशा महाराष्ट्रापेक्षा कितीतरी गरीब राज्य, पण तिथे दर महिन्याच्या १५ तारखेला पंचायतीत निवृत्तीवेतन रोख वाटण्याची पद्धत पडली आणि तारीख पाळली जाते, याची दखल अभ्यासकांनी आवर्जून घेतली आहे. हरियाणात मुख्यमंत्री देवीलालांनी १९८७ मध्ये १०० रुपयांपासून सुरुवात केली. त्यानंतर कुठल्याही पक्षाचे सरकार येवो, ही रक्कम वाढवणे त्याला टाळता आले नाही.

सर्वांत महत्त्वाचे पाऊल मात्र राजस्थानचे होते. २०२३ मध्ये तिथल्या विधानसभेने किमान उत्पन्न हमीचा कायदा केला. किमान १,००० रुपये निवृत्तीवेतन, आणि त्यात दरवर्षी १५ टक्के वाढ, जुलैत ५ आणि जानेवारीत १०. रक्कम मोठी नाही, पण वाढ कायद्यात लिहिलेली आहे. मंत्र्याच्या भाषणाची वाट पाहायला नको.

परदेशात फार लांब जायची गरज नाही. नेपाळने आपल्यासारखाच १९९५ च्या सुमारास प्रारंभ केला, मनमोहन अधिकारी पंतप्रधान असताना. पंच्याहत्तरीपुढच्या प्रत्येकाला १०० नेपाळी रुपये. उत्पन्नाची अट नाही, दाखला नाही, फक्त वयाचा पुरावा. आज तिथे ६८ वर्षांपुढच्या नागरिकाला महिन्याला ४,००० नेपाळी रुपये मिळतात, म्हणजे आपले २,५००. भारतापेक्षा गरीब असलेल्या देशाने प्रत्येक म्हाताऱ्याला देण्याचे ठरवले आणि तीस वर्षे ते पाळले.

इथे आक्षेप येतात ते ऐकून घेतले पाहिजेत. पहिला आक्षेप घरचा आहे. आईबापांना मुलांनी सांभाळावे, सरकारने का? २००७ च्या कायद्याने मुलांवर ती जबाबदारी टाकली आहे, उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते आणि महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत पोटगी मिळू शकते. पगारदार मुलाच्या बाबतीत हा मार्ग उपयोगी आहे. पण नाक्यावर उभा राहून रोजचे काम शोधणाऱ्या मुलाकडून न्यायाधिकरण काय वसूल करणार? शिवाय मुलावर खटला भरायला किती आया धजावतील? दुसरा आक्षेप असा, की लोकांनी स्वतः बचत करावी. अटल पेन्शन योजना आहे, श्रमयोगी मानधन आहे. तरुणांसाठी त्या ठीक आहेत. पण अटल पेन्शनमध्ये चाळिशीनंतर प्रवेशच नाही, मग आज सत्तरीत असलेल्याला तिचा काय उपयोग? ज्यांनी आयुष्यभर कारखान्यात नोकरी करून हप्ते भरले, त्यांचीही गत बरी नाही. ईपीएस-९५ या त्यांच्या निवृत्तीवेतन योजनेतले किमान निवृत्तीवेतन २०१४ पासून १,००० रुपयांवर आहे आणि त्यासाठी निवृत्त कामगार वर्षानुवर्षे आंदोलन करत आहेत.

तिसरा आक्षेप गळतीचा. पैसे मधेच खाल्ले जातात, असे सगळेच म्हणतात. २०१३ मध्ये विद्यार्थी-संशोधकांनी महाराष्ट्रासह दहा राज्यांत जाऊन सार्वजनिक योजनांची पाहणी केली. अर्थतज्ज्ञ ज्यां द्रेझ आणि सहकाऱ्यांनी आखलेल्या त्या पाहणीत आढळले, की निवृत्तीवेतनाचे पैसे फार कमी चोरीला जातात. तक्रारी होत्या त्या उशिराच्या, तुटपुंज्या रकमेच्या आणि यादीबाहेर राहिलेल्यांच्या. बोगस लाभार्थी असतात, अपंगत्वाची खोटी प्रमाणपत्रेही निघतात, ती शोधलीच पाहिजेत. मात्र प्रत्येक शोधमोहिमेचा भार आधी खऱ्या दिव्यांगावर पडतो. त्यालाच पुन्हा रांगेत उभे राहून आपले लुळे पाय दाखवावे लागतात.

यादीबाहेर राहण्याची किंमत काय असते, हे २०२० च्या टाळेबंदीत दिसले. केंद्राने वृद्ध, विधवा आणि दिव्यांगांना दोन हप्त्यांत मिळून १,००० रुपये जादा दिले, पण ते आधीच यादीत असलेल्यांना. संकटात सरकारचा हात पोचतो तो यादीत असलेल्यांपर्यंतच. म्हणून ही यादी कुणाची, किती जुनी आणि कोणत्या आकड्यावर बेतलेली, याला इतके महत्त्व आहे.

राहिला पैशांचा प्रश्न. एक कोटी वृद्धांना महिन्याला १,५०० रुपये द्यायचे, तर वर्षाला १८,००० कोटी लागतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढचे एक कोटी दहा लाखांच्या आसपास होते, आता ते अर्थातच जास्त आहेत. पण आयकर भरणारे, सरकारी निवृत्तीवेतन घेणारे, मोठे जमीनदार वगळले तरी उरणाऱ्यांचा खर्च, लाडकी बहीण योजनेसाठी पहिल्या वर्षी ठेवलेल्या रकमेच्या निम्म्याहूनही कमी भरावा. गरीब कोण हे सिद्ध करायला लावण्यापेक्षा श्रीमंत कोण ते वगळणे सोपे, स्वस्त आणि माणुसकीचे आहे. वगळण्यासाठी लागणारी माहिती सरकारकडेच असते, म्हाताऱ्याला ती दाखल्यांच्या रूपात गोळा करत हिंडावे लागत नाही.

ते एका झटक्यात होणार नसेल, तर निदान क्रम तरी ठरवावा. केंद्राने २०० रुपयांचा आकडा बदलावा, याच्या आड आता कुठलीच सबब उरलेली नाही. राज्याने रक्कम राजस्थानासारखी कायद्याने दरवर्षी वाढती करावी आणि पैसे देण्याची तारीख ठरवावी. अंथरुणाला खिळलेल्यांचा हयातीचा दाखला ग्रामसेवकाने किंवा आशाताईने घरी जाऊन घ्यावा. दिव्यांगांच्या तपासणीचे मंडळ महिन्यातून एकदा तरी ग्रामीण रुग्णालयात बसावे. या चारही गोष्टींना वेळ लागेल, पैसा लागेल, काहींना दिल्लीची संमती लागेल.

पण उत्पन्नाच्या मर्यादेसाठी यातले काही लागत नाही. २१,००० आणि ५०,००० हे आकडे कुठल्या कायद्यात नाहीत, ते शासन निर्णयात आहेत. २१,००० च्या जागी निदान स्वस्त धान्याची मर्यादा तरी घालायची, तर विधिमंडळात विधेयक आणावे लागत नाही. मंत्रालयातून एक शासन निर्णय निघाला, की पुरे.